मोरीतून वाहून गेलेली ऊब

२८ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ४६,१९,३११ क्रमांकाचे पेटंट कारमाइन व्हासिले या संशोधकाच्या नावे दिले. पेटंटचे नाव अगदी रुक्ष आहे. मराठीत सांगायचे तर ‘समान आकारमानाचा, उलट प्रवाहाचा उष्णता-विनिमयक’. पण या पेटंटातून पुढे जे उपकरण बाजारात आले, ते कोणाही नळकारागिराला पाच मिनिटांत कळेल इतके साधे आहे. तीन-चार इंच व्यासाचा तांब्याचा एक उभा पाईप घ्यायचा. त्याच्या बाहेरून तांब्याची बारीक नळी घट्ट, वेटोळ्यावर वेटोळे बसवत गुंडाळायची. मधल्या जाड पाईपातून अंघोळीचे वापरलेले कोमट पाणी खाली जाते, बाहेरच्या वेटोळ्यांतून नळाचे थंड पाणी वर चढते. दोन्ही पाणी एकमेकांना कुठेही शिवत नाहीत. वर पोचलेले थंड पाणी मात्र आता थंड राहिलेले नसते. मोटर नाही, पंप नाही, झडप नाही, हलणारा एकही भाग नाही.

हे उपकरण मी पहिल्यांदा पाहिले ते छायाचित्रात. माझा भाचा कॅनडात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये राहतो. तिथे आता मराठी माणसांची वस्ती बरीच आहे. त्याने नवे घर घेतले आणि तळघराचे फोटो पाठवले. एका फोटोत कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा, लखलखीत तांब्याचा, वेटोळ्यांनी मढवलेला खांब होता. ‘मामा, हे काय आहे ते बिल्डरच्या माणसालाही सांगता आलं नाही. कायद्यानं लावावं लागतं, एवढंच म्हणाला,’ असे त्याने खाली लिहिले होते. मी शिक्षणाने अभियंता नाही. साखर कारखान्यात फिटर म्हणून बावीस वर्षे काढली आणि जे वाचले ते त्यानंतर, आपल्या आपण. पण तांब्याच्या नळ्या आणि त्यांतून जाणारी उष्णता हा माझ्या हातांना माहीत असलेला विषय आहे. त्या खांबाने मला दोन वर्षे गुंतवून ठेवले. तांब्याची नळी वाकवणे माणसाला शतकानुशतके येते. मग सांडपाण्याच्या पाईपाभोवती ती गुंडाळायला १९८६ साल का उजाडावे लागले? आणि त्यानंतरही ती घरोघरी जायला सरकारी नियम का लागला?

आधी किती उष्णतेची गोष्ट चालली आहे ते पाहू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. हा आकडा लहान वाटतो. आता कॅनडातला शॉवर घ्या. मिनिटाला ९ लिटर पाणी, नळाला येते ते १० अंशांचे, अंगावर हवे ते ४० अंशांचे. गणित केले तर शॉवर चालू असेपर्यंत जवळजवळ १९ किलोवॅट शक्ती लागते, म्हणजे आपल्याकडचे २ किलोवॅटचे नऊ गीझर एकदम चालू ठेवल्यासारखे. आठ मिनिटांच्या अंघोळीला अडीच युनिट. आणि ते पाणी अंगावरून घसरून जाळीत शिरते तेव्हा अजून ३५-३६ अंशांचे असते. माणसाने त्यातली चार-पाच अंशांची ऊब वापरली, उरलेली सगळी गटारात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचाच अंदाज असा आहे, की घरात पाणी तापवायला वापरलेल्या ऊर्जेपैकी ८० ते ९० टक्के ऊर्जा सांडपाण्याबरोबर घराबाहेर जाते.

कारखान्यात असे कोणी होऊ देत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू या कृष्णवर्णीय वंशाच्या अभियंत्याने १८४३ साली उसाचा रस आटवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. एका भांड्यातल्या रसाची वाफ वाया न घालवता तीच पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवायला वापरायची, आणि त्याची वाफ त्याच्या पुढच्याला. आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात उभी असलेली इव्हॅपोरेटरची रांग ही रिलियूची लेकरे. म्हणजे कारखान्यातली ऊब दुसऱ्यांदा वापरण्याची कल्पना व्हासिलेच्या पेटंटाहून एकशे चाळीस वर्षांनी जुनी आहे. फरक एवढाच, की कारखान्यात सरपण विकत घेणारा आणि सरपण वाचल्यावर फायदा होणारा एकच असतो. घरात तसे नसते. हा फरक पुढे पुन्हा आडवा येणार आहे.

उभ्या पाईपाचे मर्म मला कारखान्यात ऐकलेल्या ‘फॉलिंग फिल्म’ या शब्दातून कळले. आडव्या पाईपातून थोडे पाणी सोडले तर ते तळाशी ओघळासारखे जाते. पाईपाच्या भिंतीचा बराच भाग कोरडा राहतो. पाईप उभा केला तर मात्र पाणी मधल्या पोकळीतून धबधब्यासारखे कोसळेल असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. ते भिंतीला चिकटते, सगळीकडे पसरते आणि पातळ पडद्यासारखे घसरत जाते. मध्ये हवा राहते. अशा पडद्याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म नुसेल्ट याने १९१६ साली मांडले. त्याच्यासमोर प्रश्न होता थंड भिंतीवर वाफेचे पाणी होऊन ओघळते त्याचा. पण पडदा तो पडदाच. नुसेल्टच्या सूत्रात मी शॉवरचे आकडे घालून पाहिले. तीन इंची पाईपातून मिनिटाला ९ लिटर पाणी गेले तर पडद्याची जाडी येते सुमारे अर्धा मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर पाण्याला आपली उष्णता भिंतीला द्यायला वेळ लागत नाही, आणि भिंत तांब्याची. शिवाय केस, साबणाचा गाळ वगैरे अडकायला आत काहीच नाही. वरून येणारे पाणीच भिंत धूत जाते. ज्या कामासाठी आडव्या पाईपात पंखे, पट्ट्या, चाळण्या घालाव्या लागल्या असत्या आणि त्या महिन्याभरात तुंबल्या असत्या, ते काम इथे गुरुत्वाकर्षण फुकट करते.

म्हणजे सिद्धांत १९१६ पासून उपलब्ध होता. पण त्याची घरात गरज कोणाला नव्हती. कोळसा आणि तेल स्वस्त होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरांवरून बारा डॉलरांच्या आसपास गेला, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळा एकदम घराकडे वळल्या. जर्मनीतल्या आखेन शहरात फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी १९७४-७५ मध्ये एक प्रायोगिक घर उभारले. भिंतींना जाड ऊबरोधक थर, खेळत्या हवेतली उष्णता परत घेण्याची सोय, जमिनीतली उष्णता, छतावर सौर संग्राहक. आणि या यादीत सांडपाणीही होते. घरातले वापरलेले पाणी टाकीत साठवायचे आणि उष्णता-पंपाने, म्हणजे फ्रिजच्या यंत्रणेने, त्यातली ऊब ओढून घ्यायची. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसेच. इथे ‘आत’ म्हणजे सांडपाणी आणि ‘बाहेर’ म्हणजे स्वच्छ पाण्याची टाकी.

ही वाट तर्काला धरून होती, आणि तिचा एक मोठा फायदा असा की पाणी कधी सांडले आणि कधी हवे यांचा मेळ बसायची गरज नाही. टाकी वाट पाहते. पण साबण, तेल आणि केस असलेले कोमट पाणी साठवून ठेवले की काय होते, हे ज्याने मोरीचा चेंबर उपसला आहे त्याला सांगायला नको. ते आंबते, टाकीच्या भिंतींवर बुळबुळीत थर चढतो, आणि तोच थर उष्णतेला अडवतो. वर कॉम्प्रेसर, त्याची वीज, त्याची दुरुस्ती. प्रयोगशाळेच्या घरात हे चालते. सामान्य घरात ते टिकणे अवघड होते.

व्हासिलेने साठवणच काढून टाकली. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर, मेडफर्ड गावी त्याची छोटी कंपनी होती. तिच्या उपकरणाचे ‘जीएफएक्स’ हे नाव गुरुत्व आणि पाण्याचा पडदा यांवरूनच ठेवलेले. शॉवर चालू असताना एकाच वेळी कोमट पाणी खाली जात असते आणि तेवढेच थंड पाणी घरात येत असते. मग साठवायचे कशाला? जाणाऱ्याची ऊब येणाऱ्याला तिथल्या तिथे द्यावी. यात पेटंटच्या नावातला ‘समान आकारमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि तो समजायला आपल्या ‘विसण’ या शब्दासारखा दुसरा शब्द नाही. शॉवरचे ४० अंशांचे पाणी म्हणजे हीटरमधले कढत पाणी आणि त्यात घातलेले विसण. वेटोळ्यात तापलेले पाणी फक्त हीटरला जोडले, तर वर जाणारे पाणी खाली येणाऱ्यापेक्षा कमी पडते, कारण विसणाचे पाणी वेगळ्या नळाने आले. मग खाली जाणाऱ्या पाण्यातली बरीच ऊब घ्यायला कोणी उरत नाही. म्हणून विसणसुद्धा याच वेटोळ्यातून आणायचे. जेवढे गेले तेवढेच आले, की देवघेव पुरी होते. विसण कोमट झाले की कढत पाणी कमी लागते, हा पुढचा फायदा.

लोकांच्या मनात पहिली शंका आली ती घाणीची, आणि ती रास्तच आहे. गटाराच्या पाईपाला चिकटलेले पिण्याचे पाणी! त्याचे उत्तर बांधणीतच आहे. दोन पाण्यांच्या मध्ये एक नव्हे, दोन भिंती आहेत: जाड पाईपाची एक आणि नळीची दुसरी. मधली फट बाहेरच्या हवेला उघडी. कुठलीही एक भिंत फुटली तरी पाणी बाहेर जमिनीवर येते, दुसऱ्या पाण्यात जात नाही.

अमेरिकी ऊर्जा खात्याच्या संशोधकांना मदत करणाऱ्या योजनेने या उपकरणाला हात दिला, आणि टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्याच्या चाचण्या घेतल्या. उपकरण चालते, याबद्दल वाद उरला नाही. तरी अमेरिकेत ते फारसे पसरले नाही. पसरले ते कॅनडात. माझ्या मते याचे पहिले कारण तंत्रज्ञानात शोधू नये, तळघरात शोधावे. कॅनडातल्या घराला थंडीमुळे खोल पाया घ्यावा लागतो आणि त्यातून तळघर आपोआप मिळते. न्हाणीघर वर, तळघर खाली. म्हणजे न्हाणीच्या जाळीपासून गटारापर्यंत पाच-सहा फुटांचा उभा, उघडा, हाताशी येणारा पाईप प्रत्येक घरात तयारच. फ्लॉरिडा किंवा टेक्सासमधल्या घराची फरशी थेट जमिनीवर असते आणि पाईप काँक्रीटमध्ये आडवा गाडलेला. तिथे नुसेल्टचा पडदा पडायला जागाच नाही. दुसरे कारण नळाच्या पाण्याचे. जितके ते थंड, तितकी देवघेव मोठी.

ओटावा शहरात कॅनडाच्या गृहबांधणी तंत्र केंद्राची दोन अगदी सारखी घरे १९९८ पासून उभी आहेत. एकात नवे उपकरण लावायचे, दुसरे तसेच ठेवायचे आणि फरक मोजायचा. सांडपाण्याच्या या तांब्याच्या पाईपांचीही परीक्षा त्या केंद्रात झाली. पुढे २०१२ मध्ये कॅनडाच्या मानक संस्थेने बी ५५.१ आणि बी ५५.२ ही मानके काढली: एक मोजण्याचे, एक बांधणीचे. मोजताना प्रवाह ठरवला मिनिटाला ९.५ लिटर. मला हा टप्पा पेटंटइतकाच मोलाचा वाटतो. मानक येईपर्यंत प्रत्येक विक्रेता आपल्या पाईपाबद्दल वाटेल ते सांगू शकत होता. मानक आल्यावर तो नियमात बसवता आला. १ जानेवारी २०१७ पासून ओंटारिओ प्रांताच्या बांधकाम नियमांनी नव्या घरांत, शॉवरखाली पुरेशी उभी जागा असेल तिथे, हा पाईप घालायला लावला. माझ्या भाच्याच्या तळघरात तो आला तो असा.

नियम का लागला, हे आता उघड आहे. पाईपाचे पैसे बिल्डर देतो. गॅसचे बिल कमी येते ते राहणाऱ्याचे. घर पाहायला आलेला माणूस स्वयंपाकघरातला ओटा पाहतो, तळघरातला खांब पाहत नाही. बिल्डरने तो का घालावा? रिलियूच्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न पडला नव्हता, कारण सरपण त्याचेच होते.

जिथे घरात उभी जागा नव्हती तिथे हे काम शहरांनी केले, ते थोडक्यात सांगतो. स्टॉकहोमच्या हम्मार्बी केंद्रात १९८६ पासून शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यातली ऊब मोठमोठ्या उष्णता-पंपांनी काढून नळांवाटे घरोघर पाठवतात. स्वीडनच्या अणुभट्ट्यांची वीज तेव्हा उतू जात होती, म्हणून हे परवडले. सातही पंपांची मिळून क्षमता २२५ मेगावॅट आहे. ओस्लोजवळच्या सांडविकात १९८९ पासून, तर व्हँकुव्हरच्या ऑलिंपिक वसाहतीत २०१० पासून, शुद्ध न केलेल्या सांडपाण्यावर हेच चालते. आखेनच्या घरातली टाकी आणि पंप ही जोडी वाया गेली नाही. ती शहराएवढी मोठी झाली, आणि तिचा गाळ काढायला पगारी माणसे मिळाली.

आता आपल्या मोरीकडे येऊ. तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना भाच्याच्या तळघरातला खांब ओळखीचा वाटेल. बंबात मधोमध उभी नळी असते, तिच्यात निखारे आणि धूर, आणि तिच्या भोवती पाणी. इथे मधल्या नळीत निखाऱ्यांऐवजी सांडपाणी, एवढाच फरक. पुण्याच्या तांबट आळीतल्या एका कारागिराला मी तो फोटो दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला, वेटोळी मोजली आणि म्हणाला, ‘बंबच आहे की. पण दादा, यात इस्तव कुठं घालायचा?’

इस्तवाची अडचण नाही, अडचण बादलीची आहे. बादलीच्या अंघोळीत पाणी आधी भरले जाते आणि मग सांडले जाते. कोमट पाणी खाली जात असते तेव्हा नळ बंद असतो. व्हासिलेच्या पाईपाला लागणारी ‘जाणे आणि येणे एकाच वेळी’ ही अट इथे मोडते, आणि उपकरण शोभेचा खांब होऊन उभे राहते. मी घरी डिसेंबरात थर्मामीटर घेऊन मोजले. नळाचे पाणी २२ अंश, विसण घातलेली बादली ४२, आणि मोरीच्या तोंडाशी ३४. तांब्याने घेतलेले पाणी हवेतून, अंगावरून, फरशीवरून जाता जाता शॉवरपेक्षा जास्त निवते.

पण गणिताची दुसरी बाजूही आहे. वीस लिटरची बादली २२ वरून ४२ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटहून थोडी कमी वीज लागते. ओंटारिओच्या आठ मिनिटांच्या शॉवरला अडीच युनिट लागतात, त्यातले सुमारे एक युनिट चांगला पाईप परत मिळवतो, उरले दीड. म्हणजे तीन दशकांचे संशोधन, दोन मानके आणि एक कायदा यांनी जिथवर आणले, त्याच्या तिसऱ्या हिश्शात बादली बसते. यात नळाच्या पाण्याच्या तापमानाचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण पाण्याच्या मापाचा त्याहून मोठा आहे. शहरांतल्या नव्या फ्लॅटमध्ये मात्र बादली ठेवायला जागाच नसते. काचेच्या कप्प्यात शॉवर असतो. मग हा प्रश्न आपलाही होतो.

आपल्या इमारतींत एक सोय आयती आहे. जुन्या, दोन पाईपांच्या बांधणीत संडासाचा पाईप वेगळा आणि न्हाणीचा वेगळा. न्हाणीचा पाईप सात-सात मजले सरळ उभा उतरतो. शिवाय सकाळी सहा ते नऊ या वेळात पाचव्या मजल्यावर कोणी बादली भरत असतो तेव्हा सहाव्यावर कोणी अंगावर पाणी घेत असतो. एका घरात जुळत नाही ती वेळ सबंध इमारतीत जुळते. पण पाईपात सर्वांत जास्त कोमट पाणी येते ते तळाशी, म्हणजे ऊब मिळणार तळमजल्याला. खर्च सातही मजल्यांनी करायचा आणि विसण तळमजल्याचे कोमट व्हायचे, हा ठराव सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडायला मी तरी धजणार नाही.

वसतिगृहांत ही अडचण येत नाही. तिथे पाणी एका जागी तापते, बिल एकच असते आणि सकाळी दोन तास न्हाणीचा पाईप कोरडा पडत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाने या हिवाळ्यात पाईपाच्या तळाशी थर्मामीटर लावायची परवानगी मला दिली आहे. तांबट आळीतला कारागीर चार फुटांचा खांब करून द्यायला तयार आहे. वेटोळी हाताने बसवायची की साच्यावर, एवढे त्याच्याशी अजून ठरायचे आहे.